पिंपात मुरलेली क्वाड्रुपल आणि आबांचं नाक

गुऱ्हाळकर

मंडळी, चार वर्षं कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात उभी करून ठेवलेली एक बाटली गेल्या शनिवारी शेवटी उघडली. ला ट्राप या ट्रॅपिस्ट मठाच्या ब्रुअरीची क्वाड्रुपल बिअर, 'ओक एज्ड'. साधी क्वाड्रुपल इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. ही तीच बिअर, फक्त नंतर ओकच्या पिंपात घालून महिनोन् महिने मुरवलेली. बाटली छोटी, ३७५ मिलीची, तोंडाला बूच आणि वर तार. प्रत्येक बॅचला क्रमांक असतो, कारण दर वेळी पिंपं वेगळी. कधी कोरा ओक, कधी आधी पोर्ट वाइन भरलेली, कधी व्हिस्कीची. सगळ्या पिंपांतली चाखून मग त्यांचं मिश्रण करतात. माझ्या बॅचमध्ये पोर्टच्या पिंपांचा भरणा जास्त होता.

बेल्जियन पद्धतीच्या या बिअरची नावं ऐकून माझाही आधी गोंधळ व्हायचा, म्हणून सांगतो. डुब्बेल, ट्रिपेल, क्वाड्रुपल म्हणजे दोनदा, तीनदा, चारदा आंबवलेली असं काही नाही. ती ताकदीची चढती भाजणी आहे. ला ट्रापची डुब्बेल ७ टक्के, ट्रिपेल ८, क्वाड १०. पिंपातली आणखी किंचित वर जाते.

सध्या आमच्याकडे आई आणि आबा आलेत तीन महिन्यांसाठी. आबा माळकरी. त्यांच्यासमोर बाटली उघडायची म्हणजे मलाच कसंतरी होत होतं. म्हटलं, ते झोपले की बघू. पण जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत लख्ख उजेड, आबा कसले झोपतात! शेवटी त्यांच्या देखतच स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात साधी क्वाड, एकात मुरलेली. दोन्ही बाटल्या तासभर आधीच फ्रिजबाहेर काढल्या होत्या. ही बिअर गारढोण प्यायली तर नुसती गोड आणि कडक लागते, वास सगळा आखडून बसतो.

बूच निघालं ते 'फट्' करून नाही, नुसता सुस्कारा सोडल्यासारखं. साधी क्वाड तांबूस, कोरा चहा जरा जास्त उकळला की होतो तशी. मुरलेली तिच्याहून एक छटा गडद, आणि खिडकीपाशी धरली की कडेला माणकासारखी लाल. फेस साधीला भरपूर. मुरलेलीला जेमतेम दोन बोटं आला आणि मिनिटभरात बसला.

मी वहीत लिहायला घेतोय तोवर आबा उठून आले. "काय रं, काकवी कुठनं आणलीस?"

म्हटलं, काकवी नाही, बिअर आहे. त्यांनी साध्या क्वाडचा ग्लास उचलून नाकाशी नेला, प्यायले अर्थातच नाहीत. म्हणाले, "ह्यातली काकवी बरोबर हाय. उतरायची येळ साधलीया." मग दुसरा ग्लास. बराच वेळ. "ह्यो पाक जरा फुडं गेलाय. चुलवाणावरचं पोरगं झोपलं असंल. आन् हे लाकडाच्या कशात तरी ठेवलंवतं न्हवं?"

पिंपाचा मी एक शब्दही बोललो नव्हतो.

आबांनी पस्तीस वर्षं कोल्हापूरच्या बाजूला गुळव्या म्हणून काम केलंय. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे वास, बुडबुड्यांचा आवाज आणि गार पाण्यात टाकलेल्या पाकाची बोटावर वळणारी गोळी यावरून ठरायचं. थर्मामीटर कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. त्यामुळे 'पाक फुडं गेलाय' हे त्यांनी सहज म्हटलेलं नव्हतं. साध्या क्वाडमध्ये गूळ, खारीक, पिकलेलं केळं आणि मागून लवंगेची किंचित चुणूक. मुरलेलीत खारकेची मनुका झालेली, गुळाची करपायला आलेली साखर, आणि वर व्हॅनिला, सुकं खोबरं, जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तो वास.

चवीतला खरा फरक शेवटी कळतो. साधी क्वाड गोड सुरू होते आणि गोडच संपते. घोटभर झाली की जिभेवर साय धरल्यासारखं वाटतं. मुरलेली गोड सुरू होते, मध्ये आंबूस होते, चेरी किंवा कोकमाच्या आगळासारखी अगदी ओझरती, आणि गिळल्यावर हिरड्यांवर तुरटपणा राहतो. कच्ची सुपारी चघळून टाकल्यावर राहतो तसा, पण सौम्य. त्या तुरटपणामुळे गोडी आवरली जाते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

माझं मत: पहिला ग्लास मुरलेलीचा, त्याला तोड नाही. पण संध्याकाळभर हातात धरायला साधीच. लाकूड थोड्या वेळानं बडबड करायला लागतं.

तुमच्यापैकी कुणी प्यायलंय का? इंग्रजी पुस्तकांतले 'गडद फळे, टॉफी, तंबाखू' वगैरे नकोत. आपल्या जिभेला काय लागलं ते सांगा.

मधली_सुट्टी

आबांना साष्टांग नमस्कार. धागा वाचूनच घसा कोरडा पडला. फोटो कुठाय?

गुऱ्हाळकर

फोटो काढला, त्यात मागे आईचा कुकर आलाय. नंतर टाकतो.

शंकेखोर

एक शंका. ला ट्राप हॉलंडची ना? मग 'बेल्जियन पद्धतीची' कशी? आणि ट्रॅपिस्ट म्हणजे बेल्जियममधले मठ असं मी समजत होतो.

गुऱ्हाळकर

शंकेखोर, नाव सार्थ केलंत. ट्रॅपिस्ट हा साधूंचा पंथ आहे, देश नव्हे. टिलबर्गजवळचा कोनिंग्सहूव्हन मठ काढला तो फ्रान्समधून आलेल्या साधूंनी. उत्तर फ्रान्समधल्या मों दे का मठातले लोक. १८८० च्या सुमारास तिथलं सरकार धार्मिक संस्थांच्या मागे लागलं होतं, उद्या हाकललं तर जायचं कुठे म्हणून त्यांनी सीमेपलीकडे जागा शोधली. १८८१ मध्ये इथे मठ सुरू झाला. ही जमीन पूर्वी राजा दुसरा विलेम याची, म्हणून नाव 'राजाची शेतं'. (त्या राजाचा टिलबर्गवर फार जीव. १८४९ मध्ये तो वारलाही तिथेच, आणि गावाच्या फुटबॉल क्लबचं नाव आजही 'विलेम दुसरा' आहे. सामन्याच्या दिवशी ट्रेनमध्ये त्याच्या नावानं बोंबलणारी पोरं बघितली की राजाची दया येते.) सुरुवातीला साधू तिथल्या मेंढवाड्यात राहायचे. पुढे कित्येक वर्षं ब्रुअरीचं नावच 'मेंढवाडा' होतं, डच भाषेत 'स्खाप्सकोय'.

मातीत फार काही पिकेना, मठ बांधायला पैसा हवा, म्हणून १८८४ मध्ये बिअर सुरू केली. पद्धत बेल्जियन म्हणायचं कारण असं की ज्या कडक, वर तरंगणाऱ्या यीस्टनं आंबवलेल्या, बाटलीत पुन्हा आंबणाऱ्या बिअरना जग बेल्जियन म्हणतं, त्याच घराण्यातली ही. पण गंमत बघा, 'क्वाड्रुपल' हे नाव रूढ झालं ते या डच मठामुळे, १९९१ मध्ये. तेव्हा ती हिवाळ्यापुरतीच काढायचे. आज बेल्जियन ब्रुअऱ्याही ते नाव वापरतात. म्हणजे धाकट्या जावेनं नाव ठेवलं आणि थोरलीनं ते उचललं.

सात्त्विक

माळकरी वडिलांसमोर दारू पिऊन त्याचं कौतुक सार्वजनिक जागी लिहिता आणि लोक साष्टांग नमस्कार घालतात. कालाय तस्मै नमः.

गुऱ्हाळकर

सात्त्विकजी, आबांना विचारूनच लिहिलं. त्यांचं म्हणणं, "वासानं माळ तुटत न्हाई." बाकी तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, ती सांगून टाकतो. 'बिअरच तर आहे' म्हणून ही प्यायची नाही. ३७५ मिलीची ११ टक्क्यांची बाटली म्हणजे साधारण ४१ मिली शुद्ध अल्कोहोल. आपला ३० मिलीचा छोटा पेग घेतला तर तीन पेगांहून थोडं जास्तच. म्हणून एक बाटली दोघांत. आणि मठाच्या अंगणातल्या चाखणीघरात जायचं तर टिलबर्ग स्टेशनवरून बसनं किंवा सायकलनं. सायकलवरही परत येताना हात धरून चालवावी लागते, अनुभवाचे बोल आहेत.

वारुणी

मी नाशिकला वाइनच्या कामात आहे, पिंपांशी रोजचा संबंध, त्यामुळे राहवत नाही. आबांच्या नाकाला मानलं! पण थोडी भर आणि थोडी दुरुस्ती.

काकवीचा वास फक्त साखरेचा नसतो. बेल्जियमकडे बिअरच्या रसात साखर घालायची जुनी चाल आहे, गडद बिअरना बीटच्या साखरेचा कढवून काळा केलेला पाकही घालतात. पण माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) भाजताना आणि रस उकळताना साखर आणि प्रथिनं एकत्र तापतात, तेव्हाही तोच खरपूस वास तयार होतो. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, काहिलीच्या कडेला चिकटलेला गूळ, सगळी एकाच कुळातली भावंडं. आबांच्या काहिलीत जे व्हायचं तेच इथे होतं, फक्त ऊस नाही, सातू.

साखर घातली म्हणजे भेसळ केली असंही समजू नका. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. ताकद वाढते पण पेय जडशीळ होत नाही. नुसत्या माल्टवर १० टक्क्यांपर्यंत गेलात तर ओठ चिकटतील. जर्मनांचा १५१६ चा बव्हेरियाचा नियम पाणी, सातू आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) एवढंच म्हणतो. बेल्जियन लोकांनी असल्या नियमांची कधी फिकीर केली नाही.

आता लाकूड. पिंप करताना फळ्या वाकवायला आतून जाळ लावतात. त्या जाळानं ओकमधला एक घटक फुटून व्हॅनिलाचा वास तयार होतो. तुम्ही सुकं खोबरं म्हणालात ते अगदी बरोबर, ओकमध्ये लॅक्टोन नावाचं तेलकट द्रव्य असतं, त्याचा वास खोबऱ्याचाच. अमेरिकन ओकमध्ये ते जास्त, फ्रेंचमध्ये कमी. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला कायद्यानं नवीच, आतून कोळसा केलेली पिंपं लागतात, एकदा वापरली की बर्बनसाठी बाद. म्हणून जगभर जुनी बर्बनची पिंपं फिरत असतात. तुरटपणा लाकडातल्या टॅनिनचा. आणि तुमची 'खारकेची मनुका झाली' हे काम लाकडाचं कमी आणि हवेचं जास्त. पिंप श्वास घेतं, फटीफटीतून प्राणवायू आत झिरपतो, अगदी थेंबाथेंबानं. त्यानंच शेरीसारखा, बदामाच्या सालीसारखा वास येतो. हवा जास्त शिरली तर व्हिनेगर. ती ओझरती आंबूस चव म्हणजे कड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलेली बिअर.

आणि 'पाक फुडं गेलाय' हेही हवेचंच. पाक नंतर कुणी तापवला नाही, तो जुना झालाय. नाकाला दोन्ही सारखंच लागतं.

गुऱ्हाळकर

ताई, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावणार. आबांना वाचून दाखवलं. 'पाक तापला न्हाई, जुना झाला' यावर विचार करून म्हणाले, "मग तिला इचार, तीन वर्षांच्या ढेपंला काय वास येतोय ते."

वारुणी

आबा जिंकले. जुन्या काळ्या ढेपेला तोच वास येतो!

लूव्हनवासी

बेल्जियमचा प्रतिनिधी म्हणून हजेरी लावतो. थोरल्या जावेची बाजूही ऐका.

या देशात इतकी कडक बिअर का, याचं एक कारण कायद्यात आहे. १९१९ मध्ये व्हान्डरव्हेल्ड नावाच्या समाजवादी मंत्र्यानं कॅफेंमध्ये जिन वगैरे कडक दारू विकायला बंदी केली. कामगारांचे संसार वाचवायचे होते. पण बिअरला बंदी नव्हती, मग ब्रुअऱ्यांनी बिअरच कडक केली! हा कायदा ऐंशीच्या दशकापर्यंत होता. दारूबंदीचं काय होतं हे वर्ध्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको, मी वर्ध्याचा.

पिंपातली म्हणाल तर शिमे या बेल्जियन ट्रॅपिस्ट मठाची ग्रांद रेझर्व, बारिकमध्ये म्हणजे ओकच्या पिंपात मुरवलेली, मोठी बाटली, साडेदहा टक्के. वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात, कॉन्याकच्या पिंपातली, रमच्या, व्हिस्कीच्या. मी रमची प्यायलोय. पहिल्या घोटाला दिवाळीच्या फराळाच्या डब्याचा वास, दुसऱ्याला रम, तिसऱ्यापासून नुसती रमच. गुऱ्हाळकर म्हणतात ते लाकडाचं बडबडणं मान्य, पण रम तर माईक हातात घेऊन बसते. नेहमीची निळी शिमे ९ टक्के, दोन-तीन वर्षं घरीच ठेवली तर माझ्या मते त्याहून भारी.

ब्रुजला गेलात तर हाल्व्ह मान, म्हणजे 'अर्धा चंद्र' या ब्रुअरीची स्ट्राफे हेन्ड्रिक क्वाड्रुपल, ११ टक्के, आणि तिचीच पिंपातली 'हेरिटेज'. ही ब्रुअरी जुन्या गावात, आणि बाटल्या भरायचा कारखाना तीन किलोमीटर लांब. दगडी गल्ल्यांतून टँकर न्यायचा वैताग, म्हणून त्यांनी २०१६ मध्ये चक्क जमिनीखालून बिअरचा नळ टाकला. लोकांकडून वर्गणी काढली, आणि मोठी वर्गणी देणाऱ्यांना जन्मभर बिअर! आमच्याकडे जन्मभर नळाला पाणी येईल का याची खात्री नाही.

शंकेखोर

आणि ती बेल्जियमच्या मठातली वेस्टव्हलेटरन? तिच्याबद्दल लोक शपथा घेऊन बोलतात.

लूव्हनवासी

वेस्टव्हलेटरन १२. १०.२ टक्के, पिंपात वगैरे नाही. बाटलीला लेबल नाही, माहिती सगळी झाकणावर. आधी नोंदणी करायची, गाडीचा नंबर द्यायचा, ठरलेल्या वेळी मठाच्या दारात जाऊन क्रेट उचलायचे, आणि पुढे विकणार नाही असं कबूल करायचं. मागणी कितीही वाढली तरी साधू जास्त काढत नाहीत. मठ चालवायला बिअर, बिअर चालवायला मठ नाही, असा हिशेब. चव? उत्तम. शपथेपर्यंत जायचं कारण नाही. तिच्या निम्म्या खटपटीत रॉशफोर मठाची 'रॉशफोर १०' मिळते, ११.३ टक्के, आणि माझं मत तिलाच.

गुऱ्हाळकर

रॉशफोर १० ला माझंही एक मत. हिशेबाचा विषय निघाला म्हणून सांगतो, ट्रॅपिस्टचा षट्कोनी शिक्का मिळायला तीन अटी आहेत: बिअर मठाच्या आवारात व्हायला हवी, साधूंची देखरेख हवी, आणि नफा मठाचा खर्च व दानधर्म यासाठी. ला ट्रापनं १९९९ मध्ये बव्हारिया या डच बिअर कंपनीशी करार केला तेव्हा तो शिक्का गेला. साधूंचा सहभाग किती यावर वाद. २००५ मध्ये परत मिळाला. मधल्या काळातल्या लेबलांच्या बाटल्या आता संग्राहक जमवतात म्हणे.

जर्सीचा_पाटील

न्यू जर्सीत घरी बिअर करतो (इथे कायदेशीर आहे, घरटी वर्षाला २०० गॅलनपर्यंत, उगाच कुणी कळवू नका). गुऱ्हाळकरांच्या या धाग्यावर माझ्या पापाची कबुली द्यायलाच हवी.

गेल्या हिवाळ्यात क्वाड करायला घेतली. साखरेऐवजी पटेलच्या दुकानातला काळा गूळ, दोन किलो. वाटलं, आपला गूळ, आपली क्वाड, नाव ठेवू 'पन्हाळा'. आंबून छान झाली. मग पिंप कुठून आणणार, म्हणून ओकचे चौकोनी तुकडे विकत घेतले, व्हिस्कीत भिजवले, आणि १९ लिटरच्या बाटलीत टाकले सव्वादोनशे ग्रॅम. पाकिटावर तीस ते साठ ग्रॅम लिहिलं होतं. मी म्हटलं, गोऱ्यांचा हात आखडता. मसाला आपण दुप्पटच घालतो.

सहा आठवड्यांनी चाखली. सुताराच्या दुकानात तोंड उघडं ठेवून झोपल्यासारखं. बायको म्हणाली, 'याला पॉलिश कधी करायचं?' अजून तळघरात आहे, ओतायला जीव होत नाही. काही उपाय?

वारुणी

पाटीलसाहेब, सव्वादोनशे! 😄

तुकडे आधी काढा, अजून आत असतील तर. मोठ्या पिंपात दर लिटरला जेवढं लाकूड लागतं त्याच्या कितीतरी पट तुमच्या बाटलीत लागतंय. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं असतं, ते यासाठीच बरं. जेवढं भांडं लहान तेवढं लाकूड अंगावर येतं. छोट्या पिंपात वर्षाचं काम दोन महिन्यांत उरकतं असं लोक कौतुकानं सांगतात, पण उरकतं ते फक्त लाकडाचं. हवेचं काम वेळ घेऊनच होतं.

उपाय एकच, ला ट्रापवाले करतात तोच. लाकूड न लावलेली तशीच बिअर पुन्हा करा आणि यातली थोडी थोडी तिच्यात मिसळत चाखत जा. एकास पाचपासून सुरू करा. तुमच्याकडे वाया गेलेली बिअर नाही, पाच वर्षं पुरेल असं विरजण आहे.

जर्सीचा_पाटील

विरजण! हा शब्द बायकोला ऐकवतो. आणि गुळाचं कसं वाटतं?

गुऱ्हाळकर

मध्ये पडतो. आबा विचारतायत गूळ कुठला. पटेलचा म्हटल्यावर पुढे बोलले नाहीत.

पणजीची_पोर

आमच्या गोव्यात काजूची फेणी लाकडात घालत नाहीत, काचेच्या मोठ्या गराफांवात राहते. माझ्या आजोबांच्या गराफांवाला वेताची जाळी विणलेली होती. फेणीचा वास आधीच इतका बोलका की तिला व्हॅनिलाची ओढणी कशाला? हल्ली ओकमध्ये ठेवलेली फेणी एका ठिकाणी चाखली, चांगली होती, पण डोळे मिटून प्यायले असते तर फेणी म्हणून ओळखली नसती. तुमच्या क्वाडचं तसं होतं का? म्हणजे साधी आणि मुरलेली बहिणी वाटतात की परक्या?

गुऱ्हाळकर

मस्त प्रश्न. पहिल्या वासाला परक्या. ग्लास अर्धा झाला आणि जरा कोमट झाली की मधूनच तेच केळं, तीच लवंग डोकं वर काढते. यीस्टची ती खूण पुसली जात नाही. म्हणून मी दोन ग्लास शेजारी ठेवायला सांगतो. एकटी मुरलेली प्यायलीत तर फक्त लाकूडच आठवेल.

मधली_सुट्टी

माझं गाऱ्हाणं ऐका. मागच्या वर्षी ॲमस्टरडॅममधल्या एका पर्यटकी दुकानातून हीच बाटली घेतली, काचेच्या शोकेसमधली, चांगली महाग. घरी उघडली तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, फेस शून्य. मला वाटलं हीच ती थोर चव असेल, म्हणून मान डोलावत संपवली. आता हा धागा वाचून वाईट वाटतंय.

वारुणी

अरेरे. पुठ्ठा म्हणजे बाटलीत हवा आणि उष्णता दोन्हींनी घोळ केला. बूच सुकलं असेल, आणि शोकेसच्या दिव्याखाली महिनोन् महिने शेकली असेल. मुरणं आणि शिळं होणं यात फरक असतो, लोणच्याचं आणि भाताचं असतं तसा. पुढच्या वेळी शोकेसमधली घ्यायची नाही, आतून आणून द्या म्हणायचं.

शंकेखोर

बाटली आडवी ठेवायची की उभी? वाइनला आडवी सांगतात.

लूव्हनवासी

उभी. तळाशी यीस्टचा गाळ बसतो, आडवी ठेवलीत तर तो सगळीकडे पसरतो. ओततानाही ग्लास तिरका धरून एका दमात ओतायची आणि शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवायचा. काही जण तो वेगळा छोट्या ग्लासात घेतात, ब जीवनसत्त्व म्हणून. मी एकदा घेतला, पोटानं रात्रभर निषेध केला. जागा अंधारी, १२ ते १५ अंशांची. आमच्याकडे तळघर असतं. पुण्यात काय करणार, माहीत नाही.

ओट्यावरची

सोबत खायला काय? मठवाले चीज देतात हे ठाऊक आहे, आपलं काही सांगा.

गुऱ्हाळकर

आपलं बरंच करून पाहिलंय. भाकरवडीनं घात केला. अल्कोहोलनं तिखट दुप्पट पेटतं, घसा धरून बसलो. अंजीर बर्फी गोडावर गोड, कंटाळा. निळी बुरशी असलेलं खारट चीज फारच छान, पण ते आपलं नव्हे. अचूक जमली ती गुळाची पोळी, संक्रांतीची उरलेली, खुसखुशीत, वर तूप न घालता. तिळाचा कडवटपणा आणि ओकचा तुरटपणा एकमेकांना बरोबर धरून राहतात. आईला हे सांगितलं नव्हतं, आता इथे लिहिल्यावर कळेलच.

ओट्यावरची

गुळाच्या पोळीबरोबर दारू! सात्त्विकजी कुठे गेले?

सात्त्विक

वाचतोय. पोळीला तूप नाही हे अधिक खटकलं.

मधली_सुट्टी

😂😂 धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद.

शंकेखोर

भारतात मिळते का ही?

वारुणी

मी तरी दुकानात पाहिलेली नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या मानकांत 'स्ट्राँग बिअर' सुद्धा ८ टक्क्यांपर्यंतच, ही तर त्याच्या पुढे. कुणीतरी बॅगेतून आणणं हाच मार्ग. दारू माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त.

गुऱ्हाळकर

३७५ च्या पाच बाटल्या म्हणजे १८७५ मिली. हिशेब पाठ आहे. सप्टेंबरमध्ये आई-आबांना सोडायला पुण्यात येतोय, माझ्या वाटच्या पाच आणणार. आबांच्या दोन लिटरवर डोळा होता, पण विचारायची हिंमत झाली नाही. बाटल्या चेक-इन बॅगेत, प्रत्येकीला एक मोजा आणि वर आईची जुनी साडी. विमानतळावरून आल्यावर निदान आठवडाभर उभ्या ठेवून गाळ बसू द्यायचा.

वारुणीताई, तुम्ही नाशिकहून येणार असाल तर एक बाटली तुमच्या नावाची. साधी क्वाडही एक आणतो, शेजारी ठेवायला. म्हणजे मुरलेल्या चारच.

वारुणी

येते. पण एक अट, आबा हवेत. मी नाशिकच्या एका पिंपातली आमची लाल वाइन छोट्या बाटलीत आणते, त्यांनी नुसता वास घेऊन सांगायचं पिंप कितव्यांदा वापरलंय.

गुऱ्हाळकर

विचारलं. म्हणाले, "आणू दे की." मग थोड्या वेळानं परत आले आणि म्हणाले, तू लिहिताना भेंडीचं पाणी लिहिलं न्हाईस. रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढतात, ती नीट निघाली नाही तर पाक कितीही वेळेवर उतरवा, वास काळाच येतो. तेव्हा बिअरवाले मळी कशी काढतात ते ताईंना विचारून ठेवायला सांगितलंय.

वारुणी

काढतात! रस उकळताना वर फेस येतो आणि प्रथिनांचा गाळ गोळा होतो. तो तळाशी बसावा म्हणून बरेच जण शेवटी आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ घालतात. म्हणजे समुद्रातली भेंडीच म्हणा.

पणजीची_पोर

मी ऑक्टोबरमध्ये पुण्यात आहे, सप्टेंबरमध्ये नाही. एक घोट तरी उरवा.

मधली_सुट्टी

मी पुण्यातच असतो. तारीख कळवा, शोकेसमधल्या पुठ्ठ्याचं प्रायश्चित्त करायचंय. ग्लास आणू का?

गुऱ्हाळकर

आणा. पुण्याच्या घरात रुंद तोंडाचा एकच उरलाय, आणि त्यात सध्या मनीप्लांट आहे.

ओट्यावरची

फोटो अजून आला नाही. कुकर दिसला तरी चालेल.